हिरव्या पाण्याची वकिली

फराळाचं ताट आणि हा अंक शेजारी शेजारी पडलेले असतील, म्हणून आधीच सांगून टाकते: या लेखात कुणीही मासा खात नाही. विषय पाण्याचा आहे.

माझी सगळी नोकरी नांदेडजवळच्या एका मत्स्यबीज केंद्रात गेली. मत्स्यबीज हा सरकारी शब्द. अर्थ, माशांची बोटभर पिल्लं. लोक ती घेऊन जातात, तळ्यात सोडतात आणि मोठी झाली की बाजारात नेतात. मधल्या काळात ती मरू नयेत म्हणून कुणीतरी पाण्याकडे बघावं लागतं. ते काम माझं. वडील लोह्याला प्राथमिक शिक्षक. माझ्यासाठी स्थळं बघताना ते "मुलगी पाण्याच्या खात्यात आहे" एवढंच सांगत. पाहुण्यांना वाटे, घरच्या नळाची कायमची सोय झाली. पुढे चौकशीत मासे निघाले की त्यांना एकदम आठवे, मुलाला अजून शिकायचंय. शेवटी लग्न झालं ते पोस्टातल्या एका सद्गृहस्थाशी. त्यांना बारा महिने सर्दी. संसार सुखाचा झाला.

धंद्याची मेख समजायला सोपी आहे, पटायला अवघड. मासा पाण्यात श्वास घेतो हे शाळेत सगळे शिकतात, पण श्वास घेण्यासारखं काही पाण्यात असावं लागतं, हे कुणी लक्षात ठेवत नाही. तळ्यात ते काम करतं डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ. त्याच्यामुळे पाणी हिरवट दिसतं. दिवसा उन्हात हे शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री स्वतःच तो वापरतं. म्हणून पहाटे तळ्याची शिल्लक सगळ्यात कमी असते. उलट बोअरचं पाणी बघा. काचेसारखं नितळ, थंडगार, आणि आत काही नाही. खडकाच्या पोटात ज्याला कधी वारा लागला नाही, ते पाणी माशाला काय देणार? ते थेट तळ्यात सोडायचं नसतं. उंचावरून पाडायचं, फोडायचं, वाऱ्यात मिसळायचं.

पाणी किती हिरवं असावं याची तपासणी फुकटात होते. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायचा. पंजा दिसेनासा झाला तर ठीक. बोटं मोजता आली तर पाणी उपाशी. मनगटही दिसलं नाही तर पाण्याला अजीर्ण. केंद्रात यासाठी दोरी बांधलेली एक काळी-पांढरी तबकडीही होती. साहेब पाहणीला आले की आम्ही ती बाहेर काढत असू, कारण हात बुडवून घेतलेल्या निर्णयावर साहेबांचा विश्वास बसत नसे.

म्हणजे माणसाला नितळ पाणी आवडतं आणि माशाला हिरवट. माशाची बाजू मी जन्मभर लढवली. बहुतेक खटले हरले.

किल्लारीचा भूकंप झाला, त्या पहाटेबद्दल विनोद करण्यासारखं काही नाही आणि मी करणारही नाही. पण त्यानंतरच्या महिन्यांत आमच्या भागात जी माणसं एकाएकी शहाणी झाली, त्यांच्याबद्दल बोलायला हरकत नसावी. काही विहिरी आटल्या, काहींचं पाणी दुधासारखं झालं. लोक बाटल्या भरून माझ्याकडे येत. "बाई, ह्यात भूकंप हाय का बघा की." मी बघत असे. नाही म्हटलं तर त्यांचा विश्वास बसत नसे, कारण बाटली उन्हातून चालत आणलेली असे.

त्याच दिवसांत लातूरकडच्या एका कचेरीतल्या साहेबांनी कुठंतरी वाचलं की माशांना भूकंप आधी कळतो. त्यांनी कचेरीत काचेची टाकी बसवली, आमच्या केंद्राला मासे पाठवायला सांगितलं आणि माशांवर नजर ठेवायला एक शिपाई नेमला. पाणी रोज बदलायचं, स्वच्छ नळाचं भरायचं, अशी सक्त ताकीद. साथ पसरू नये म्हणून तेव्हा नळाच्या पाण्यात इतकी ब्लीचिंग पावडर असे की चहालाही वास यायचा. मासे घेऊन गेले ते आमचे हमीदभाई. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई ओरडला, "साहेब, मासे उलटले!" साहेब फायलींसकट बाहेर लिंबाखाली. मागोमाग कचेरी. मग बाजारपेठ. दुकानांची शटरं खाली आली आणि अख्खं गाव पटांगणात जाऊन बसलं.

मला जीप पाठवून बोलावलं. मी टाकीचा वास घेतला. "साहेब, हा भूकंप नाही. ब्लीचिंग आहे."

"म्हणजे धोका नाही ना?"

हमीदभाई माझ्यामागे उभे होते. ते अदबीनं म्हणाले, "माणसां कू नइं, साहेब. मछली कू था, वो हो गया."

हमीदभाईंची आता नीट ओळख करून देते. घराणं नांदेडच्या इतवाऱ्यातलं, पिढ्यानपिढ्या तिथलंच. आजोबा जाळी विणत, वडील मासळी विकत. हमीदभाईंनी त्यापुढची पायरी गाठली. ते माशांच्या आया सांभाळत. पिल्लं आकाशातून पडत नाहीत. त्यासाठी वयात आलेले मोठे नर-माद्या लागतात, त्यांना जपावं लागतं, आणि मृगाच्या सुमाराला पोटं भरली की अंडी घेता येतात. कटला या जातीच्या माशाची मादी तयार व्हायला वर्षं जातात. ती मेली तर बाजारातून दुसरी आणता येत नाही, पुन्हा बोटभर पिल्लापासून सुरुवात. कागदोपत्री आम्ही त्यांना 'प्रजनक साठा' म्हणत असू. हमीदभाई म्हणत, "अम्मा लोगां." लोह्याकडच्या एका छोट्या तलावात त्यांनी कटल्याच्या अम्मा वाढवल्या होत्या. जाळ्यात आल्या की चेहऱ्यावरून ओळखत. माशाला चेहरा असतो, हे मी त्यांच्याकडूनच मान्य केलं.

भूकंपानंतर काही वर्षांनी एका उन्हाळ्यात तो तलाव आटत आटत डबक्यावर आला. पावसाला अवकाश, आणि अम्मा लोगांची पोटं भरायला लागलेली. हमीदभाई अर्धापूरला केळीवाल्यांच्या तळ्यांवर हिंडून आले. त्यांनी चहा पाजला आणि नाही म्हणाले. ठिबकच्या नळ्यांत माशांचे खवले अडकतात, असा त्यांचा अनुभव होता किंवा शेजाऱ्याचा होता. शेवटी जागा मिळाली ती थेट लातुरात. सरांकडे.

सरांचं नाव सांगत नाही, आणि गरजही नाही. लातुरात तोवर क्लासचा हंगाम बारमाही झाला होता. डाळ गिरण्यांच्या धुराड्यांपेक्षा टॉपरांचे फलक उंच झाले होते आणि सरांना नाव उरलं नव्हतं, विषय होता. हे केमिस्ट्रीचे सर. माणूस मनानं वाईट नव्हता. हुशार, दिलदार. पण कुठलीही गोष्ट फलक लावल्याशिवाय घडली असं त्यांना वाटत नसे. औसा रोडला त्यांचं शेत, शेतात प्लास्टिकचं अस्तर घातलेलं मोठं शेततळं, तळ्याला बोअर. हॉस्टेलची पोरं टँकरचं पाणी पीत, तळं मात्र काठोकाठ. हमीदभाईंची अडचण ऐकून सर म्हणाले, "आणा की. जागाच जागा हाय." अम्मा लोगां रातोरात नव्हे, भर सकाळी, ओल्या गोणपाटांखाली, टेम्पोतल्या टाक्यांतून लोह्याहून लातूरला आल्या. हमीदभाई सगळी वाट टाक्यांजवळ बसून मगानं पाणी वर उचलून परत ओतत आले. श्वास द्यायची ही सगळ्यात जुनी पद्धत.

मासे आल्यावर सरांना उत्साह आला. "बाई, ह्यात अजून एक बॅच बसंल की."

"सर, मासे श्वासपण घेतात."

"ॲडजस्ट होतेत हो."

बॅच मी बसू दिली नाही. तळ्यात शेणखत घालून पाणी हिरवट करून दिलं, हात बुडवून बघितलं, पंजा गुडूप. हमीदभाई समाधानानं नमाजाला गेले. मग सरांनी सांगितलं की 'आदर्श मत्स्यप्रकल्पा'चं उद्घाटन ठरलंय, मोठे पाहुणे येणार आहेत. पाहुणे कोण, हेही सांगत नाही. त्या वेळी ते ज्या पक्षात होते, त्यानंतर बरेच झाले.

सर काठावर उभे राहून पाण्याकडे बघत म्हणाले, "पाहुणे यायलेत आन् पाणी गटारीसारखं. हे दाखवायचं का त्यांना?"

मी प्राणवायू, शेवाळ, ऊन, रात्र, सगळं समजावलं. सरांनी मान डोलावली. वर्गातल्या पोराला उत्तर चुकतंय हे माहीत असून बोलू द्यावं, तशी.

उद्घाटनाच्या दिवशी मी सकाळी बसनं लातूरला उतरले, ऑटो करून शेतावर गेले. आभाळ भरून आलेलं, ऊन नाही, वारा नाही. मांडव घातलेला, तळ्याच्या काठालाच कमान उभारलेली, कमानीवर सर आणि पाहुणे शेजारी शेजारी हसत असलेला फलक. आणि त्याच्यामागे तळं. निळं. सिनेमातल्या श्रीमंत माणसाच्या बंगल्यात असतं तसं निळं, नितळ, तळाच्या प्लास्टिकच्या घड्या दिसाव्यात असं.

मी हात बुडवला. बोटं दिसली, नखं दिसली, अंगठीतला खडाही दिसला.

हमीदभाई पलीकडच्या काठावरून धावत आले. "बाई, अम्मा लोगां वर आल्यात. फज्रच्या नमाजापासून, पहाटेपासून, वरच आहेत."

पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडंच तोंडं. गोल, मोठी, उघडमीट करणारी. पाण्यात श्वास उरला नाही की मासा वर येऊन हवा गिळायचा प्रयत्न करतो. तो त्याला जमत नाही, पण करतो. पाण्यात श्वास परत आला की आपसूक खाली जातो.

काय झालं ते रखवालदारानं सांगितलं. परवा सरांनी स्वतः मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, विरघळवून तळ्यात टाकला होता. मोरचूद शेवाळ मारतो, हे केमिस्ट्रीच्या माणसाला माहीत असणारच. प्रमाणही त्यांनी बरोबर काढलं होतं. आमच्याकडचं पाणी जड, त्यामुळे मोरचुदानं मासे थेट मेले नाहीत. मेलं ते शेवाळ. एका दिवसात सगळं. आता मेलेलं शेवाळ तळाशी कुजत होतं, कुजताना उरलासुरला प्राणवायू खात होतं, आणि नवा तयार करणारं कुणी उरलं नव्हतं. गावातले सगळे आचारी मेले आणि त्यांच्या तेराव्याची पंगत बसली, असं ते तळं झालं होतं.

उपाय एकच होता. तळ्याचं पाणी मोटारीनं उचलायचं आणि उंचावरून फोडून परत तळ्यात पाडायचं, जितक्या लवकर होईल तितकं. मोटार काठावरच होती, आंब्यांना पाणी द्यायची. पण सकाळपासून भारनियमन. वीज होती ती फक्त मांडववाल्याच्या जनरेटरमध्ये, आणि त्यावर ध्वनिक्षेपक, व्यासपीठावरचे पंखे आणि सनईची टेप चालू होती. मांडववाल्याला विचारलं. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली. "बाई, एक तर माइक चालंल न्हाईतर मोटार. दोन्ही ओढायचा न्हाई ह्यो."

सरांना बाजूला घेतलं. ते घामानं भिजले होते. "पाहुणे शिवंवर आलेत. कार्यक्रम झाला की लगेच मोटार लावू."

"कार्यक्रम किती वेळ चालेल?"

"ते काय आपल्या हातात हाय का बाई?"

पाहुणे आले. गाडीतून उतरून तडक तळ्याकडे गेले, मागे लवाजमा. हजारो नसतील, पण दिसायला पुष्कळ वाटतील इतकी तोंडं पाण्यावर उघडी. पाहुण्यांनी हात पसरले. "वा! मासे स्वागताला वर आले!" टाळ्या. फोटो. कुणीतरी हार सोडून फुलं टाकली, कुणी चुरमुरे. सोबतच्या एका बाईंनी हळदीकुंकू वाहिलं.

"नक्को डालो!" हमीदभाई ओरडले. "दम तोड रहे वो लोगां!"

"भाविक माणूस दिसतोय," पाहुणे कौतुकानं म्हणाले आणि व्यासपीठाकडे वळले.

सत्कार झाले. शाली झाल्या. सरांच्या एका टॉपरनं 'पाणी हेच जीवन' या विषयावर पाठ केलेलं बोलून दाखवलं. पाहुणे उठले. तळ्यात पहिली अम्मा कुशीवर कलली. शेपटीला जुनी चीर असलेली, सगळ्यांत मोठी. कुशीवर कललेला मासा फार वेळ राहत नाही.

हमीदभाई काठावर पालथे झोपले. अस्तर घातलेल्या तळ्याचा उतार साबणासारखा असतो, आत गेलेला माणूस बाहेर येत नाही. म्हणून मी आणि रखवालदारानं त्यांचे पाय धरले. ते हातानं तिला पाण्यात मागेपुढे ढकलत होते, तोंडातून पाणी वाहावं म्हणून. तेवढ्यात सर आले. व्यासपीठावरची खुर्ची सोडून आले होते, गळ्यात हार तसाच.

"मोरचूद मीच टाकला," ते म्हणाले. "हिशेब बरोबर होता, बाई. तीनदा तपासला."

मला काहीतरी टोचून बोलायचं होतं. सुचलंही होतं. पण हमीदभाई मान न वळवता बोलले, "सर, वर्गात पोराला चक्कर आली तर तास संपेपर्यंत थांबता का तुम्ही?"

सर वळले. व्यासपीठाकडे बघितलं. तिथून आवाज येत होता, "आणि म्हणूनच आज या ठिकाणी मी अत्यंत ठामपणे सांगू इच्छितो की..."

पाहुणे ठामपणे काय सांगू इच्छित होते, ते मराठवाड्याला कधीच कळलं नाही. सर चालत जनरेटरपाशी गेले, मांडववाल्याला बाजूला सारलं आणि स्वतःच्या हातानं वायर ओढली. ध्वनिक्षेपक मुका झाला, पंखे थांबले. ती मोटारीला जोडायचं काम मांडववाल्यानं केलं, आणि झटपट केलं. मोटारीचा रबरी पाइप आंब्याकडून वळवून आम्ही कमानीवर चढवला, फलकाच्या वर, सुतळीनं बांधला. तोंडाखाली हमीदभाईंचं मासळीचं प्लास्टिकचं क्रेट अडकवलं, म्हणजे पाणी फुटून पडावं. मोटार सुरू झाली. पाणी कमानीवरून, सर आणि पाहुण्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांवरून, धो धो तळ्यात कोसळायला लागलं.

पाहुणे जुने खेळाडू. माइकशिवाय बोलतच होते. पाणी बघून त्यांनी भाषणातच कारंज्याची तारीफ केली आणि प्रत्येक तालुक्यात एक असावं असं जाहीर केलं.

शेपटीला चीर असलेली अम्मा वाचली नाही. ती हमीदभाईंच्या हातातच थांबली. त्यांनी ती बाहेर काढली, गोणपाटावर ठेवली. सत्काराला आलेल्या एकानं वाकून बघत विचारलं, "भाई, ही देता का?" हमीदभाईंनी फक्त त्याच्याकडे बघितलं. माझ्या माहितीत, मासळी विकणाऱ्या घरात वाढलेल्या माणसानं गिऱ्हाईकाला उत्तर न दिल्याची ही एकच वेळ. तिच्या मागोमाग आणखी दोघी गेल्या. पोटं अंड्यांनी भरलेली होती. तिघींना त्यांनी आंब्याखाली खड्डा करून पुरलं. सर फावडं घेऊन आले, हमीदभाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं नाही. त्यांनाच खणू दिलं.

बाकीच्या वर होत्या, हवा गिळत. धबधब्याच्या आसपास गर्दी करून. आम्ही तिघं काठावर बसून राहिलो. मांडवात जेवणं सुरू झाली, पंगतीतून सरांना बोलावणी येत होती. ते उठले नाहीत. आभाळ तसंच.

एकदा सर हळूच म्हणाले, "बाई, मोरचूद किती टाकायला पाहिजे होता?"

"टाकायलाच नको होता, सर."

त्यांनी मान डोलावली. या वेळची मान वेगळी होती.

जेवण उरकून, हात पुसत पाहुणे निघायला आले. जाता जाता पुन्हा तळ्यावर नजर टाकावी म्हणून काठावर थांबले. कमानीवरून पाणी पडत होतं. बाकी सगळं मोकळं, सपाट. एक तोंड वर नाही, एक शेपूट नाही. त्यांनी डोळे बारीक करून इकडेतिकडे बघितलं आणि सरांवर नाराज झाले.

"सर, मासे कुठं गेले? सकाळी तर केवढे होते!"

हमीदभाई उठून उभे राहिले. कुडता छातीपर्यंत भिजलेला, कोपरांना चिखल, डोळे लाल. त्यांनी तळ्याकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे, आणि हसले.

"नीचे गए, साहेब," ते म्हणाले. "अब नइं दिसते."